वाढत्या अंगाची खुर्ची

आमच्या घरून शिऱ्याची वाटी गेली की शेजारीण ती हातात घ्यायच्या आधीच विचारायची, आज काय केलं पोरीनं? ही सवय बायकोनं लावलेली. पोरगी दोन वर्षांची असताना तिनं मान धरली, त्या दिवशी बायकोनं अख्ख्या गल्लीत शिरा वाटला. दोन वर्षांच्या पोरीनं मान धरली, हे काय वाटून सांगायचं? मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. मंगळवार पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, बातमी तशीही पसरते. ती आपण वाटीत घालून कशाला द्यायची? मी बायकोला म्हणालो, पोरगी चालेल त्या दिवशी मी स्वतः पेढे वाटीन, तोवर गप बस. ती काही गप बसली नाही. पोरगी कुशीवर वळली तेव्हा शिरा झाला आणि खुळखुळा हातात धरला तेव्हाही झाला.

पोरीच्या मेंदूला जन्मताना प्राणवायू कमी पडला होता. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी हे नाव सांगितलं, ते मी पहिलं वर्षभर तोंडातून काढलं नाही. तिला कळतं सगळं. मी दारात गाडी बंद केली की आत तिचं हसू सुरू. फक्त अंग तिचं ऐकत नाही, कधी ताठ होतं तर कधी पार सैल पडतं. त्यामुळं साडेतीन वर्षांची झाली तरी ती आईच्या मांडीवर आडवी होऊनच जेवायची. दुधात कुस्करलेली भाकरी बायको चमच्यानं भरवायची. एका जेवणाला तास जायचा आणि दर चार घासांना ठसका. त्या पावसाळ्यात घास श्वासनळीत जाऊन दोनदा तिची छाती भरली. दुसऱ्यांदा आठ दिवस दवाखान्यात काढले. निघताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हिनं बसून जेवायला शिकलं पाहिजे. दिवाळीनंतर बघू, नाही जमलं तर पोटात नळी घालावी लागेल.

मी शिरोलीत एका फौंड्रीत पॅटर्न बनवतो. म्हणजे जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, मग वाळूत त्याचा ठसा घेऊन त्यात लोखंड ओततात. वीस वर्षं हेच काम, त्यामुळं माप आपल्या हातात आहे असा माझा तोरा. पोरीला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी खुर्चीचं चित्र काढून दिलं. पाठ सरळ, दोन्ही बाजूंनी आधार, कमरेला पट्टा, समोर ताटलीपुरती फळी आणि खाली पाय टेकायला आणखी एक. पोरीच्या अंगाला टेप लावून मापंही त्यांनीच लिहून दिली. म्हटलं, हे तर आपलंच काम.

मालकाला विचारून सागवानाच्या उरलेल्या फळ्या आणल्या आणि दोन रविवार घालवले. कुठं कड बोचू नये म्हणून हात फिरवून फिरवून घासलं, वरून पॉलिश मारलं. गल्लीतली माणसं खुर्ची बघायला आली, तेव्हा छाती चांगलीच फुगली होती माझी.

पण खुर्चीत पोरगी बसेना. बसवली की डावीकडं कलंडायची, मग खाली घसरायची, पट्टा काखेत यायचा आणि ती रडायची. आम्ही उशा लावल्या, चादरी कोंबल्या. नवरात्र आलं आणि गेलंही. एका संध्याकाळी तिनं रडून जीव काढला तेव्हा माझं डोकं फिरलं. खुर्ची उचलून दाराबाहेर आपटली आणि बायकोला म्हणालो, "हिला न्हाय जमायचं. नळी घालूया, म्हंजे सुटल ती बी." बायकोनं पोरीला उचललं आणि आत निघून गेली. ते वाक्य आजही आठवलं की मला माझीच शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची रिक्षात घातली आणि मला रजा काढायला लावून डॉक्टरबाईंकडं नेलं. बाईंनी पोरीला खुर्चीत बसवून पाहिलं, टेप काढला आणि पोरीऐवजी खुर्चीच मोजली. मग मला विचारलं, "ही कुणासाठी केलीत?"

"हिच्यासाठीच की."

"ही सहा वर्षांच्या मुलीची खुर्ची आहे."

कागदावरच्या प्रत्येक मापात मी चार-चार बोटं भर टाकली होती आणि त्यात काही चुकलंय असं मला वाटलंच नव्हतं. आमच्यात शाळेचा ड्रेस कधी कुणी अंगाबरोबर घेतलाय? वाढत्या अंगाचा घ्यायचा, खालून दुमडून शिवायचा आणि तीन वर्षं घालायचा. त्यात भरीला धंद्याची सवय. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी जरा मोठाच करतात. सागवान काय रोज मिळतं? पोरगी वाढेल आणि बसेल त्यात, असं माझं चाललेलं. बाईंनी मला तपासायच्या उंच टेबलावर बसवलं, पाय लोंबकळते, पाठीला टेकू नाही, आणि हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप दिला. आता न सांडता प्या म्हणाल्या. दोन घोटांत चहा माझ्या पँटवर. पाय टेकल्याशिवाय पाठ सरळ राहत नाही हे त्यांनी नंतर समजावून सांगितलं, पण तोवर मला कळलं होतं. "ती मोठी झाली की दुसरी करा," त्या म्हणाल्या. "जेवायचं या मुलीला आहे, आणि आज आहे."

घरी येऊन करवत घेतली. पॉलिश मारलेलं सागवान कापताना जीव खालीवर होत होता. या वेळी पोरीला शेजारी चटईवर निजवलं आणि प्रत्येक फळी तिच्या अंगाला लावून बघितली. तिचं पाऊल माझ्या वितीच्या निम्म्याहून थोडंसंच मोठं निघालं. साडेतीन वर्षं तिचा बाप होतो आणि हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी तिला खुर्चीत बसवलं. पावलं फळीवर टेकली. ती डावीकडं कलली, मी हात पुढं केला, तर बायकोनं माझं मनगट धरलं. पोरगी आपली आपणच सरळ झाली. आपण काय केलं ते तिलाही कळलं असावं, कारण आमच्याकडं बघून ती तोंडभर हसली. मी ढसाढसा रडलो आणि मला रडताना बघून ती आणखीच हसायला लागली.

सकाळी कामावर जाताना मी पेढे घेतले. चालायची वाट बघायचं मनातसुद्धा आलं नाही. फौंड्रीत पेढे म्हणजे एकतर घरात बाळ नाहीतर पोरगं दहावी पास. भट्टीवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं डबा बघून विचारलं, "काय रं, दुसरं झालं व्हय?"

"न्हाय. पोरगी बसली."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, हातमोजा काढला आणि दोन पेढे उचलले. एक घरी नेतो म्हणाला, म्हातारी नेहमी तुझ्या पोरीचं विचारते. मी तर तिथं घरचं कधी काही बोललो नव्हतो. त्या दोघींची मंडईत गाठ पडायची आणि बायको तिला सगळं सांगायची, हे मला त्या दिवशी समजलं.

बसण्यापासून जेवण्यापर्यंत आणखी बरेच दिवस गेले. चमचा हातात राहीना, तर बायकोनं चमचाच बाजूला ठेवला आणि वरणभाताचे बोराएवढे घास करून ताटलीत मांडले. घास कानावर जायचा, नाकावर जायचा, केसांत जायचा. आमच्यापेक्षा मुंग्यांची दिवाळी जोरात झाली. मग एका रविवारी दुपारी घास तोंडात गेला. तिनं ओठ मिटले आणि गिळला. आम्ही ठसक्याची वाट बघत होतो आणि तिचा हात दुसऱ्या घासाकडं निघालासुद्धा होता.

आठवड्यानं डॉक्टरांनी तिला समोर बसवून जेवताना पाहिलं. घास लहान ठेवा, घाई करू नका, नळीची गरज नाही, एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी पोरगी खुर्चीत बसून, सांडत का होईना, आपल्या हातानं जेवत होती. मी ताटावर बसलो होतो. बायकोनं तव्यावरची भाकरी काढली, दुसरी टाकली आणि सवयीनं पहिली स्वतःसाठी झाकून ठेवायला गेली, पण भरवायला आज कुणी नव्हतं. ती जरा वेळ भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग दुसरं ताट घेतलं आणि पोरीशेजारी मांडी घालून माझ्याबरोबर जेवायला बसली. पोरगी झाल्यापासून मी जेवून उठायचो आणि ही तासाभरानं झाकलेलं काढून खायची. रोज दोन वेळा हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला एकदाही दिसलं नव्हतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, बोटं पोळली, फुंकर मारून खाल्ला.

"गरम भाकरी अशी लागती व्हय," ती म्हणाली.

मी उठलो आणि तव्यावरची दुसरी भाकरी आणून तिच्या ताटात वाढली.