भिंगरी मिस्त्रींचा भोंगा

माझ्या मामांना सगळे भिंगरी मिस्त्री म्हणायचे. त्यांच्या पायाला खरोखरच भिंगरी होती. दुकानात खुर्ची नव्हती, स्टूल नव्हतं. मामा उभ्याने काम करत, उभ्याने चहा पीत, आणि अर्धा पिऊन झाला की कप कुठे ठेवला ते विसरून दुसरा मागत. मामीला हे कप संध्याकाळी कुठेही सापडत. एकदा तर एक कप बिगुलाच्या तोंडात सापडला होता.

त्यांचा धंदा बँडची वाद्यं दुरुस्त करण्याचा. चेपलेले कर्णे ठोकून गोल करायचे, फुटलेल्या नळ्यांना डाख लावायचा, आणि ज्या वाद्यांत पितळेची पातळ पत्ती थरथरून आवाज निघतो त्यांच्या पत्त्या घासून सुरात आणायच्या. पत्ती केसभर जास्त घासली की वायाच गेली. असला चुळबुळा माणूस ते नाजूक काम कसं करतो याचं सगळ्यांना नवल वाटे. मामी म्हणायची, "हात स्थिर राहावेत म्हणून सगळी वळवळ पायांत उतरवलीय त्यांनी."

त्या काळी शहरात मोटारी मोजून चार. त्यातली एक डॉक्टरांची. एका दुपारी डॉक्टरांचा ड्रायव्हर दुकानात आला, एका हातात बिगुल आणि दुसऱ्या हाताने तोंडावर रुमाल दाबलेला.

"काय झालं रे?" मामांनी विचारलं.

"दात," तो रुमालाआडून म्हणाला. "पुढचे दोन."

झालं होतं असं की मोटारीला आधी हातघंटा होती. ती इंजिनाच्या धडधडीत ऐकू जाईना, म्हणून डॉक्टरांनी बिगुल आणून दिला. ड्रायव्हर एका हाताने चाक धरायचा, दुसऱ्या हाताने बिगुल तोंडाला लावायचा. सकाळी मोटारीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि बिगुल घशात जाता जाता दातांवर निभावलं. आता बिगुलाला पोचा आला होता, तो काढून हवा होता.

मामांनी पोच्याकडे पाहिलंच नाही. "वाजवायला तोंडच लागतं का?" ते म्हणाले.

"मग काय कानानं वाजवू?" ड्रायव्हर वैतागला.

"कानानं..." मामा पुटपुटले आणि पुढ्यातली कानस टाकून, दुकान उघडं टाकून, चालू लागले ते थेट डॉक्टरांच्या दवाखान्यात. तिथे डॉक्टर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा कान धूत होते. हातात रबरी फुगा होता, दाबला की पाण्याची चिळकांडी उडवणारा.

"डॉक्टर, तो फुगा द्या."

"अहो, यांचा कान अर्धाच झालाय अजून."

"होऊ द्या. मी थांबतो."

मामांचं थांबणं म्हणजे दाराकडून खिडकीकडे आणि खिडकीकडून दाराकडे येरझारा. म्हाताऱ्या गृहस्थांची मान त्यांच्यामागे फिरायला लागली, चिळकांडी कॉलरमध्ये जायला लागली. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि कपाटातला दुसरा फुगा देऊन मामांना वाटेला लावलं.

पहिला भोंगा त्याच दिवशी तयार झाला. कानाचा फुगा, वीतभर नळी, नळीत पत्ती, पुढे लहानसा कर्णा. मामी कामावरून परत आली तेव्हा मामांनी मोठ्या ऐटीत फुगा दाबला. बदकाच्या पिल्लावर कुणाचा पाय पडावा तसा आवाज निघाला. मामी दारातच हसत सुटली.

"हसू नको. काय कमी आहे ते सांग."

"छाती," मामी म्हणाली. "एवढ्याशा जिवात दम कुठला असणार?"

मामीला रबर कळत होतं. ती एका कारखान्यात गरम पाण्याच्या रबरी पिशव्या चिकटवायची. रबराचं कोणतं पान ताणलं तर फाटेल, सोल्युशनचा कोणता थर कधी सुकेल, हे तिच्या बोटांना ठाऊक. तिने कारखान्यातून वाया गेलेली पानं विचारून आणली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर पेरूच्या आकाराचा फुगा कापायला बसली. पहिला पातळ झाला, दाबला की दाबलेलाच राहिला. दुसरा जाड झाला, तो दाबायला पैलवान लागला असता. तिसरा वाळत घातला, तर मामा दर पाच मिनिटांनी "वाळला का?" म्हणत अंगठा लावून बघत. फुग्यावर त्यांच्या अंगठ्याचे सात ठसे उमटले. चौथ्या वेळी मामीने त्यांना घराबाहेर काढून आतून कडी लावली. तो फुगा नीट झाला.

आता आवाज मोठा निघाला, पण एकदाच. फुगा दाबला की भोंगा वाजे, सोडला की तो त्याच अरुंद पत्तीतून परत हवा ओढत बसे, आणि फुगेपर्यंत समोरचा माणूस चाकाखाली जाऊन यायचा. शिवाय हवेबरोबर रस्त्याची धूळ आत. मामांनी तीन दिवस पत्तीच बदलून पाहिली. जेवताना घास हातात धरून ते एकदम उठून दुकानात जात, तसेच खरकट्या हाताने परत येत. मामीने एका रात्रीच्या जेवणाला ताटाजवळ भोंगाच ठेवून घेतला.

"उठू नका, इथेच वाजवा," ती म्हणाली. तिने दोन-तीनदा ऐकलं. "याला सर्दी झालीय. सोडायला आणि घ्यायला एकच नाकपुडी ठेवलीत तुम्ही. दुसरी द्या की."

मामांचा घास पुन्हा हातातच राहिला. त्यांनी फुग्याच्या पितळी मानेला दुसरं भोक पाडलं, आतून रबराची टिकलीएवढी झडप लावली. फुगा दाबला की झडप मिटायची, सोडला की उघडून भसकन हवा आत घ्यायची. भोकावर बाहेरून धुळीसाठी बारीक जाळी बसवली. घरातली चहाची गाळणी त्यात गेली.

भोंगा मोटारीवर चढला. ड्रायव्हरला नवे दात बसायचे होते, तरी तो तोंडभर हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या वळणावर बेकरीची एका घोडीची पावगाडी उभी होती. गाडीवान उतरून ट्रे काढत होता. मागून मोटार आली आणि ड्रायव्हरने हौसेने फुगा दाबला. तो आवाज चिरका होता, सुरुवातीलाच टाचणी टोचल्यासारखा. घोडी उधळली. पावाचे ट्रे रस्ताभर, गाडीवान चाकाला आपटला आणि त्याचा उजवा हात मोडला.

मामा धावत दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर हाताला प्लास्टर घालत होते. गाडीवान पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने मान वर न करता विचारलं, "ते बोंबलणारं कुणी बनवलं?"

"मी," मामा म्हणाले.

"मग स्वतःच्या कानात घाला."

डॉक्टर काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, पण मामा बाहेर गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने भोंगा मोटारीवरून उतरवला. त्या आठवड्यात दुकान उघडलं तरी काम झालं नाही. हातात वाद्य घेतलं की ठेवून द्यायचं, बाहेर जायचं, परत यायचं. मामी म्हणते, "आधीची वळवळ मला चालायची. ही वेगळी होती. या वेळी हातही थरथरत होते."

सहाव्या दिवशी पहाटे ते बेकरीच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. गाडीवान गळ्यात हात अडकवून तिथेच होता. त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवायचं बेकरीवाल्याच्या मनात होतं, आणि हा त्याला विनवत होता.

"हात बरा होईपर्यंत गाडी मी चालवतो," मामा म्हणाले.

"घोडं कळतं तुम्हाला?"

"नाही. तुम्ही शेजारी बसा, काका. सांगाल तसं करतो."

काकांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "बसावं लागेल गाडीवर. जमेल का? तुमच्याबद्दल ऐकलंय मी."

जमलं. कारण बूड टेकलं तरी गाडी हलत होती. पुढचे पाच आठवडे रोज सकाळी मामा लगाम धरायचे, ट्रे उचलायचे, दारोदार पाव पोचवायचे, आणि काका शेजारी बसून त्यांची खरडपट्टी काढायचे. "अरे, ओढू नको! तिचं तोंड आहे ते, नळाची तोटी नव्हे." पहिल्या आठवड्यातच तुम्हीचा तू झाला होता.

मामांचे डोळे रस्त्यापेक्षा घोडीच्या कानांवर जास्त असत. कुठे दार आपटलं की तिच्या पाठीवरून शिरशिरी जायची. लोखंडी पिंप घरंगळलं तरी तेच. पण सात वाजता गिरणीचा भोंगा घुमत घुमत वर चढायचा, केवढा तरी मोठा, आणि त्याला ती फक्त एक कान वळवून दाखवायची. आणि काकांची हाक! अरुंद गल्लीत शिरताना ते ओरडत नसत. "होऽऽ" अशी हाक छातीतून हळू सुरू व्हायची आणि मग भरत जायची. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका मागे न बघताच कडेला होत.

"काका, कुणी दचकत कसं नाही हो?"

"दचकवायचं कशाला? मी येतोय एवढंच सांगायचंय ना? अंगावर खेकसलं की घोडं पळतं आणि माणूस जागच्या जागी थिजतं. दोन्ही वाईटच."

त्या दिवशी मामांनी उरलेले ट्रे इतक्या घाईने पोचवले की एका घरी पाव दोनदा दिला. दुपारी दुकानात शिरले आणि नव्याने मांडणी केली. आवाज खाली आणायचा तर नळी लांब हवी. सरळ लांब नळी मोटारीच्या चाकावरच्या पत्र्याला घासली असती, म्हणून तिला बिगुलासारखा एक वेढा दिला. पत्ती लांब आणि जाड घेतली. मामीने फुगा दीडपट केला. तरी सुरुवात टोचतच होती. हवा गेली रे गेली की पत्ती एकदम बोंबलायची. मग मामांना सुचलं की पत्ती सपाट ठेवूच नये. त्यांनी तिला किंचित बाक दिला, नखाला असतो तेवढा. आता हवेला आधी पत्ती वळवावी लागे, मग ती बोलू लागे. आवाज हळू सुरू होऊन भरत जायचा.

किती बाक, हे मात्र कागदावर सांगता येत नव्हतं. ते घोडीला विचारायचं होतं.

बेकरीमागच्या अंगणात घोडी दाण्याची पिशवी तोंडाला बांधून उभी असायची. काका तिच्या मानेवर चांगला हात ठेवून उभे राहायचे. मामा चाळीस पावलांवरून फुगा दाबायचे. पहिल्या पत्तीला तिने झटक्यात मान वर केली.

"नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुसरी पत्ती. "नाही." चौथीला ती दोन पावलं मागे सरली. सातवी बरी होती, पण काकांनी तिच्या मानेची नस बोटाखाली धडधडताना ओळखली. मामांचा जीव टांगणीला लागलेला. दुकानात बँडवाल्यांची वाद्यं साठत होती, ते ओरडून जात होते, मामा पत्त्यांना बाक देत होते. अकराव्या पत्तीला आवाज अंगणभर पसरला, भिंतीवरून परत आला. घोडीने डावा कान मागे वळवला आणि चघळणं चालू ठेवलं.

काकांनी तिच्या मानेची नस बोटाखाली चाचपून पाहिली. मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"हिला कळलं," काका शेवटी म्हणाले.

"परत वाजवू?"

"कशाला? खाऊ दे तिला."

तो भोंगा डॉक्टरांच्या मोटारीवर चढला आणि मग आणखी दोन मोटारींच्या मालकांनीही तसाच मागितला. चौथ्या मोटारीचा मालक तरुण शौकीन होता. त्याला पहिला चिरका भोंगा हवा होता, लोक टुणकन उडतात म्हणून. मामांनी त्याला सरळ दुकानाबाहेरचा रस्ता दाखवला. काकांचा हात जुळला, पण कोपरात थोडा वाकडा राहिला. ते पुन्हा गाडी हाकायला लागले, तरी जड ट्रे डाव्या हातानेच उचलायचे. मामांनी ते कधी मनावेगळं केलं नाही. पुढे कितीही कौतुक झालं तरी ते म्हणत, "काकांना विचारा, हा भोंगा त्यांना केवढ्याला पडला ते."

दोन वर्षांनी मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने मामांना बोलावलं. भोंग्यांचा वेगळा विभाग, मामा त्याचे प्रमुख. टेबल दिलं, खुर्ची दिली, भिंतीवर घड्याळ दिलं. नवव्या दिवशी मामा दुपारी चहाला म्हणून उठले ते घरी आले.

कारखान्याचे मॅनेजर समजूत घालायला घरापर्यंत आले. मामा खोलीत येरझारा घालत म्हणाले, "रोज तीच पत्ती, तोच बाक! मला नाही हो जमणार, साहेब." मॅनेजरांची मान इकडून तिकडे फिरून दुखायला लागली असावी, कारण त्यांनी नजर खाली वळवली. मामी फरशीवर बसून फुगा कापत होती. सरसर, आखल्याशिवाय.

"हे फुगे कोण करतं?"

"मीच करते," मामी म्हणाली.

"आणि झडप?"

"तीही तिचीच," मामा चालता चालता म्हणाले. "पत्तीला बाक द्यायलाही शिकलीय. तिलाच न्या की."

मॅनेजर हसले, मग हसायचे थांबले. पुढच्या सोमवारी मामी त्या खुर्चीवर जाऊन बसली आणि एकोणीस वर्षं बसली. तिच्या हाताखाली तीसेक बायका तयार झाल्या.

मामा आपल्या दुकानात, बिगुलांत परतले. पण भोंगा काही त्यांना सोडेना. मी सुट्टीत त्यांच्याकडे होते तेव्हाची गोष्ट. रस्त्यावर एव्हाना मोटारी पुष्कळ झाल्या होत्या. मामा जेवायला बसले होते, बसले म्हणजे टेकले होते, आणि बाहेर एक भोंगा वाजला. मला तो इतरांसारखाच वाटला. मामा ताडकन उठले.

"झडप गळतेय त्याची! दुसऱ्यांदा दाबला तर वाजणार नाही." आणि ते अनवाणीच मोटारीमागे धावले.

मामीने शांतपणे त्यांच्या ताटावर झाकण ठेवलं आणि मला म्हणाली, "तू जेव. त्या ड्रायव्हरला घेऊनच येतील आता. दोन कप चहाचं आधण ठेवते."