ट्रायलचे पैसे

ती घटना आजही आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. कपाटात एक खाकी पँट आहे, कमरेला घट्ट. ती दिसली की पुरे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या एका बाजारगावी मी ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला वर्षभर राहिले होते. आमच्या वर्द्या गावातले एक मुसलमान टेलर शिवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एका सकाळी ते पासबुक घेऊन ठाण्यात आले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि बँकेत गेल्यावर कळले की फीपुरतेही पैसे उरलेले नाहीत.

"कोन लई गया साहेब, मन्हा पैसा?"

कार्ड कोण वापरतो, हा माझा पहिला प्रश्न. मास्तरांना मशीनवरची अक्षरे लागत नसत, म्हणून एटीएमला त्यांचा कारागीर जाई. मोलगीकडच्या पाड्यावरचा माणूस, दुकानात अठरा वर्षे काज-बटण करत होता. पिन त्याला पाठ. त्यात आमच्या खबऱ्याने, म्हणजे एका जीपवाल्याने, माहिती आणली, "साहेब, तो गडी मन्ही जीपना टपवर नवा पत्रा लई गया. कथाईन उना पैसा?" घरावर नवे पत्रे घालायला पैसे आले कुठून, हा मलाही प्रश्न पडला.

पासबुक वरवर चाळले, तर पैसे दर महिन्याला कटत होते आणि कारागीरही दर महिन्याला घरी जात होता. मी मिशीवरून हात फिरवला. सांगायला लाज वाटते, पण निरोप समारंभाच्या भाषणात हीच केस सांगायची, असे मी तेव्हाच ठरवून टाकले.

कारागिराला बाजाराच्या दिवशी दुकानातून उठवून पायी ठाण्यात आणले. गाडी होती. पण चार लोकांसमोरून चालवत आणले की माणूस लवकर बोलतो, असा माझा अनुभव. हा बोलला नाही. "मी नाही घेतले. बायको गुजरातेत ऊसतोडीला गेली होती, पत्रे तिच्या पैशांचे," एवढेच पुन्हा पुन्हा. घरी पावरी बोलणाऱ्या माणसाला ठाण्यातली मराठी हीच एक वेगळी चौकशी असते, हे मला ठाऊक होते. तरी त्याचे तुटक बोलणे मी अर्धी कबुली धरली आणि माझी हुकमी युक्ती काढली. मास्तरांना त्याच्या समोर बसवले.

"तुम्ही विचारा. तुमच्यापुढे खोटे बोलणार नाही तो."

मास्तर नको नको म्हणत होते. मी रेटले. शेवटी त्यांनी खाली बघत विचारले, "पैसा तू काढा का रे, भाऊ?"

कारागिराने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग तो बाकावर त्यांच्याकडे पाठ करून बसला.

संध्याकाळी फिर्याद लिहून घेताना आमच्या महिला हवालदार पासबुक चाळत होत्या. त्या थांबल्या. "सर, दर वेळी नऊशे नव्व्याण्णव कटलेत, तारीखही तीच. एटीएममधून नव्व्याण्णव रुपये कसे निघतील?"

पासबुक सकाळपासून माझ्याच टेबलावर होते.

मास्तरांचा फोन मागवला. त्यात ब्लाउजच्या गळ्यांच्या नक्षीचे एक ॲप निघाले. सात दिवस फ्री ट्रायल, पण आधी कार्डाचा नंबर द्यायचा. मास्तरांनी तो दिला होता, ओटीपीही टाकला होता. नक्षी काही पसंत पडली नाही, म्हणून दोन दिवसांत त्यांनी ते उघडायचे सोडून दिले. आठव्या दिवसापासून वसुली सुरू, ती दोन वर्षे. मेसेज इंग्रजीत येत, ते कोण वाचणार?

"अहो, नको असेल तर आपण बंद करायचे असते ते," मी म्हणालो.

"मी हो कधय म्हना?" मास्तर चकित झाले. "कपडा अंगले बसना, गिऱ्हाईक हो म्हना, तवय पैसा. ट्रायलना पैसा कोन लेस साहेब?"

कपडा अंगाला बसला, गिऱ्हाईक हो म्हणाले, की मगच पैसे, हा त्यांचा हिशेब. मला हसू आले. मग शंका येऊन मी माझाच फोन तपासला. गुडघ्यांच्या व्यायामाचे ॲप, फ्री ट्रायल, माझे क्रेडिट कार्ड, पाच महिने. गुडघा मी एकदाही वाकवला नव्हता. फिर्यादी आणि तपास अधिकारी एकाच जाळ्यात अडकले होते, आणि ठाण्याच्या बाकावर दिवसभर बसला होता तिसराच.

त्याला तिथल्या तिथे सोडले. मास्तरांनी स्वतःच अटी मान्य केलेल्या, त्यामुळे कागदावर गुन्हाही उभा राहिना. स्टेशन डायरीत चार ओळी लिहून विषय मिटवला. मुलीची फी नातेवाइकांनी भरली. कारागीर मात्र दुकानात परतला नाही.

पुढच्या बाजाराला मी मास्तरांना घेऊन मोलगीला गेलो. तो एका ताडपत्रीखाली मशीन मांडून बसला होता. मी माफी मागितली, म्हणजे अधिकारी मागतात तशी, "थोडा गैरसमज झाला" वगैरे. त्याने पाय थांबवला. "साहेब, तुम्ही विचारले, ते तुमचे कामच आहे. मास्तरने विचारायला नको होते."

मास्तर माझ्या शेजारीच उभे होते.

आधी आकडा बघावा, मग माणूस, हे मी नोकरीच्या शेवटच्या वर्षी शिकलो. ॲप बंद करायला हवालदार बाईंना दोन मिनिटे लागली. मास्तरांच्या तोंडी मी घातलेला तो प्रश्न मागे कसा घ्यायचा, ते मला अजून सापडलेले नाही.

माझी शेवटची वर्दी मास्तरांनी एकट्याने शिवली. कारागिराच्या मशीनवर कापड झाकलेले होते. ट्रायलला पँट चढवली, तर कमरेला घट्ट.

"बसनी का साहेब?"

उसवून पुन्हा सगळे त्यांनाच करावे लागणार होते. पोट आत घेऊन म्हणालो, "बसली."