तुमची गाडी, तुमीच वाचा

आबा गाडीचा स्कॅनर स्वतः वाचत नसत, गाडीवाल्याला वाचायला लावत. स्टेअरिंगखाली त्याची वायर खोचायची, चावी फिरवायला सांगायची आणि पडद्यावर अक्षरं उमटली की तो सरळ मालकाच्या हातात द्यायचा, हे ठरलेलं. समोर कुणी पुढारी असो नाहीतर टेम्पोवाला, सगळ्यांना एकच वाक्य, "तुमची गाडी, तुमीच वाचा." मग तो बिचारा पहिलीतल्या पोरासारखा "पी, शून्य, एक..." असं मोठ्याने वाचायचा आणि आबा डोळे मिटून ऐकायचे. कुणी कुरकुर केलीच, तर म्हणायचे, "दवाखान्यात दुखणं तुमी सांगता का डॉक्टर?"

आबा म्हणजे माझे सासरे. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की वस्ती विरळ होते तिथे त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. उमेदवारी केली ती ट्रॅक्टरचे दिवे आणि हॉर्न जोडण्यात. पुढे गाड्यांत संगणक आले, त्यांच्या बरोबरीच्या वायरमननी हात टेकले, आणि आबांनी मात्र स्कॅनर घेतला. तेव्हापासून ते पंचक्रोशीत कोडवाले आबा झाले. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की लोक त्यांच्याकडे धाव घेत. स्कॅनर लावला की त्या दिव्यामागचा कोड कळतो, कोडमध्ये एखाद्या सेन्सरचं नाव असतं, आणि लोकांना वाटायचं, तेवढा बदलला की सुटलो. आबा हात आडवा करायचे. "कोड म्हंजे नुसती तक्रार हाय. तक्रार आली म्हणून लगीच कुणाला फासावर चढवत्यात व्हय? आधी चौकशी करू."

चौकशीचा प्रश्न एकच, "दिवा कधी लागला?" या साध्या प्रश्नाला माणसं इतकं खोटं बोलतात की विचारू नका. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर दुकानापुढे रांगच लागायची. आदल्या दिवशी पूजेसाठी गाडी चकचकीत करायची म्हणून सगळ्यांनी डाळिंबावर औषध मारायचा पंप बॉनेट उघडून आत चालवलेला असायचा. कनेक्टरमध्ये पाणी, रेडिएटरला झेंडूची माळ, आणि मालक म्हणतोय, "काय न्हाय केलं आबा, आपोआपच लागला." आबा गंभीर चेहऱ्याने एकेक कनेक्टर सोडवून हवा मारायचे आणि आत अडकलेली झेंडूची पाकळी मालकाच्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "ही बगा, आपोआप आलेली."

त्यांचा एक हट्ट मात्र गिऱ्हाइकांना जड जायचा. बिघाड सापडल्याशिवाय ते दिवा घालवत नसत. स्कॅनरवर एक बटण दाबलं की दिवा विझतो, चार दिवस गाडीवाला खूश, गाडी विकायची असेल तर दुप्पट खूश. बाकीचे स्कॅनरवाले हे काम चहा संपायच्या आत करून द्यायचे. आबा करायचे नाहीत. या हट्टापायी माझं लग्नच मोडायची वेळ आली होती.

आबा आणि घरचे मला बघायला माझ्या माहेरी, सणसरला आले होते, त्या दिवसाची गोष्ट. मुलगा, सागर, मला फोटोतच आवडला होता, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी गाडी दुसऱ्या दिवशी विकायची होती, गिऱ्हाईक ठरलेलं होतं आणि दिवा लागलेला होता. कोडवाले आबा आपल्याच अंगणात पाहून तात्यांना राहवेना. पोहे खाता खाता म्हणाले, "आबा, एवढा दिवा घालवून द्या की." आबांनी बशी खाली ठेवली. "घालवतो. पण बिघाड घावल्यावर." तात्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "सोयरीक जुळायच्या आधीच न्हाय म्हणताय, पुढं काय?" स्वयंपाकघराच्या दारात मी, हातात चहाचा ट्रे.

आबा उठले, पांढरा शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि बनियनवर बॉनेटखाली शिरले. आतूनच विचारलं, "दिवा कधी लागला?" तात्या म्हणाले, काल. चुलते म्हणाले, दिवाळीत. मला राहवलं नाही. ट्रे घेऊन थेट अंगणात गेले आणि म्हणाले, "शेजारचा ऊस तुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि मधी विझला तरी डावीकडं वळलं की परत लागतो." आबांनी मान बाहेर काढली. "गाडी कोण चालवतं?" "मीच. भाजी बाजारात मीच नेते." ऊस तुटला की शेतातले उंदीर आसरा शोधत निघतात आणि गाडीच्या उबेला येतात. डाव्या अंगाला एक वायर उंदरांनी अर्धी कुरतडलेली निघाली. आबांनी ती जोडली, टेप गुंडाळली, मगच दिवा घालवला. हात पुसत तात्यांना म्हणाले, "तात्या, बिघाड घावला. पोरगी आमाला पसंत हाय. आता तुमी न्हाय म्हणू नका." तात्यांना हसू आवरेना. मुलाला मी पसंत आहे की नाही हे विचारायचं राहूनच गेलं. सागरने पुढे सांगितलं की त्याला विचारायची गरजच नव्हती.

लग्नानंतर आबा मला दुकानात बोलवू लागले. सागर दूध डेअरीत नोकरीला, त्याला वायरची फारशी गोडी नाही. आबा हाक मारायचे, "सूनबाई, ये, वाच." मालकाचं वाचून झालं की मी पुन्हा वाचायचं, मग वायरचा रंग सांगायचा, मग टेस्टर कुठे धरायचा ते सांगायचं. चुकलं की "व्हय का?" एवढंच म्हणायचे आणि मला परत बघायला लावायचे. मला फार अभिमान वाटायचा. वायरिंगच्या धंद्यात मुली नव्हत्या, सुना तर नाहीच, आणि हा माणूस मला आपली विद्या देतोय.

मग काही वर्षांनी मोरगावकडचा एक म्हातारा मेंढपाळ मुलाची गाडी घेऊन आला. सोबत मुलगा होता, पण तो चहा सांगायला गेलेला. आबांनी सवयीने स्कॅनर म्हाताऱ्यापुढे केला. तो म्हणाला, "मला कुठं वाचाय येतंय? तुमीच वाचा." आबांनी स्कॅनर मागे घेतला. मग विचारलं, "गाडी काय करती?" "तापली की बंद पडती. सावलीत टेकवली, गार झाली की सुरू." आबांनी स्कॅनर डोळ्यांपुढे धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पी शून्य तीन तीन पाच. क्रँकचा सेन्सर." मी त्यांच्या मागेच उभी होते. स्कॅनरची वायर गाडीत खोचलेलीच नव्हती. पडदा काळा कुळकुळीत होता.

मी वाकून वायर खोचली. नुसत्या लक्षणांवरून त्यांनी सांगितला होता, कोड आला तो अगदी तोच, पी शून्य तीन तीन पाच. हसावं की रडावं कळेना.

गिऱ्हाईक गेल्यावर मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "आबा, कधी लागला?"

"काय?"

"दिवा."

त्यांनी कप फिरवला. मग म्हणाले, "वरीस झालं असंल. मधी मधी काळं दिसतं, अक्षरं पुसल्यागत." त्यांना साखरेचा त्रास होता, हे घरात ठाऊक होतं. डोळ्यांचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "सांगितलं का न्हाय?" "सांगितलं असतं तर तुमी दुकान बंद केलं असतं. दुकान बंद म्हंजे मी काय घरात बसून फरशी मोजू?" मग अगदी लहान मुलासारखं, "एक नवा चष्मा घेऊ. कुणाला बोलू नगंस."

"म्हणजे बटण दाबून दिवा घालवायचा? बिघाड न बघता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या आवाजाकडे, आणि हसायला लागले. "सापडलो की गं," म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं डोळ्यांचा पडदा खराब झालाय, गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखू. सागरचं मत पडलं, दुकान बंदच करावं. दवाखान्यातून परत येताना गाडी मी चालवत होते आणि माझ्या मनात भलतंच सलत होतं. शेवटी बोलून टाकलं, "आबा, मला वाटत होतं तुम्ही मला शिकवताय. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून वाचायला लावत होता होय?"

आबा खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "खुळी का काय तू? तू लग्न होऊन आलीस तवा मला बोरीवरचा मुंगळाबी दिसत हुता. तवाबी वाचाय कुणाला लावत हुतो? तुला का सागरला?"

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. गाडी बाजूला घ्यावी लागली. आबा म्हणाले, "का थांबलीस? दिवा लागला काय?"

दुकान बंद झालं नाही. दोन वर्षं आबा दारातल्या खुर्चीत बसून "दिवा कधी लागला?" विचारत राहिले आणि बॉनेटखाली मी. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, झोपेतच. बोर्डावर अजून त्यांचंच नाव आहे. माझे डोळे ठणठणीत आहेत, चष्मासुद्धा नाही. तरी कुणी गाडी घेऊन आलं की स्कॅनर मी त्याच्याच हातात देते आणि खुर्ची असायची तिकडे नकळत मान वळवून म्हणते, "तुमची गाडी, तुमीच वाचा. जरा मोठ्यानं."