धोंड्याच्या महिन्यातला तुडतुडा

काय सांगायचं आता! स्वतःच्या अब्रूचा पंचनामा स्वतःच्याच तोंडानं करायचा म्हणजे जिवावर येतं. पण बसलाच आहात तर चहा निवायच्या आत सांगून टाकतो. माझा सगळा शहाणपणा एका दुपारीत उतरला, तोही सासरवाडीत, धोंड्याच्या महिन्यात, सासऱ्यांनी दिलेला नवा पोशाख अंगावर असताना.

मी लातूरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, आणि मला नाद तुडतुड्यांचा. तेच ते हो, ज्वारीच्या दाण्याहून बारीक, पान उलटलं की तिरके पळणारे आणि बोट नेलं की टुणकन उडणारे. लोकांना वाटतं, सगळे सारखेच. सारखे कसे असतील? डोक्यावरचे ठिपके बघा, पंखावरच्या रेषा बघा, मागच्या पायावरची काट्यांची रांग बघा! तुडतुडा नुसता समोरून उडाला तरी मी त्याची जात सांगतो, असं मी स्टाफरूममध्ये शंभरदा तरी ऐकवलं असेल. हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

तर सासरे अहमदपूरजवळच्या खेड्यातले, कापूस-सोयाबीनवाले. मी त्यांना मामा म्हणतो. त्या दिवशी मामींनी पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार आणि कटाची आमटी असा बेत केला होता. नको नको म्हणताना चार वाट्या आमटी माझ्या पोटात गेली. जेवण जिरवायला म्हणून मामांबरोबर शेतात गेलो, आणि बांधावरच्या बोरीवर मला तो दिसला.

हिरवागार. डोक्यावर दोन काळेभोर ठिपके. असा तुडतुडा मी कुठल्याच पुस्तकात बघितला नव्हता. तो उडायच्या आत खिशातून फोन काढला. घाईघाईत फोटो काढला, तो हलला, तरी तसाच नांदेडच्या मॅडमना धाडला. तुडतुड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. लगेच उत्तर आलं: फोटो हललाय, पण असा मी पाहिलेला नाही, नमुना पाठवा, नवीन जात असेल तर शोधणारा म्हणून तुमचं नाव लागेल.

माझं नाव! वीस वर्षं झुडपांत डोकं घालून फिरतोय, लोक मला बघून गालात हसतात. आता हसा म्हणावं.

मामा मागून बघून राहिले होते. म्हणाले, "तुडतुड्याला वळखायचं काय त्येच्यात? दिसला की फवारायचं." मग मला सांगा, मी गप्प बसणार का? खिशातली बाटली काढली. हिच्या बुचातून दोन नळ्या जातात. एक किड्याजवळ धरायची, दुसरी तोंडात धरून हवा ओढायची, की किडा अलगद बाटलीत. तोंडातल्या नळीला आतून जाळीचं कापड बांधलेलं असतं. मामांना सगळं समजावलं. म्हटलं, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे कापड, हे नसलं तर किडा थेट घशात जातो. काढून दाखवलं. दाखवलं आणि खिशात ठेवलं.

हसू नका एवढ्यात.

मी वाकलो, नेम धरला आणि दम लावून ओढलं. घशात काहीतरी टुणकन झालं. मी दचकून आवंढा गिळला.

"मामा, गेला."

"कोण गेला?"

"तुडतुडा. पोटात गेला."

मामांचा चेहरा पांढराफटक. "जावईबापू, काल तिथवर फवारलंय की वं!"

पुढचं मला नीट आठवतच नाही. मामांनी मला फटफटीवर घातलं आणि अहमदपूरपर्यंत एकच पालुपद, धोंड्याला बोलावलेल्या जावयाला काही झालं तर लेकीच्या सासरी मी काय तोंड दाखवू? दवाखान्यात डॉक्टर शांतपणे सगळं ऐकून घेत होते. फवारल्यावरही तो जिवंत होता का, विचारलं. चांगल्या उड्या मारत होता, म्हटलं. "मग ज्या औषधानं तो मेला नाही, त्यानं तुम्ही कसे मराल? घरी जाऊन झोपा सर."

मामांनी डॉक्टरांना हात जोडले. पण मला जिवाची कुठं पडली होती? माझं नाव पोटात विरघळून राहिलं होतं!

घरी आलो तो तडक न्हाणीत गेलो, तांब्यावर तांब्या मिठाचं कोमट पाणी प्यालो आणि घशात बोटं घातली. मग मामींचं चहाचं गाळणं घेतलं. पुढचं वर्णन करत नाही, तुम्ही चहा पिताय. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या, नव्या पोशाखातला जावई आपल्या गाळण्यात काय शोधतोय ते. शेजारच्या काकू न विचारता मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि माझ्यावरून ओवाळून गेल्या. बाहेरचं काहीतरी लागलंय यावर त्यांचं दोघींचं एकमत झालं होतं.

आणि सापडला! हिरवागार, वर दोन काळेभोर ठिपके. थोडा चेंगरला होता, पाय तुटले असतील म्हटलं, पण ठिपके शाबूत. बायको वाकून बघायला लागली. म्हणाली, "अहो, मला हे काही वेगळंच दिसतंय."

"तुला काय कळतंय यातलं?" मी म्हणालो.

स्पिरिटच्या बाटलीत नमुना घातला, ठळक अक्षरात माझं नाव लिहिलं आणि नांदेडला पाठवला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. हो, निकालाच्या आधीच. धीर कुणाला होता?

आठ दिवसांनी भर मधल्या सुट्टीत मॅडमचा फोन आला. सगळ्यांना गप्प केलं आणि फोन स्पीकरवर टाकला. माझीच अक्कल!

"सर, नमुना बघितला. कोथिंबिरीचं पान आहे."

मला वाटलं, कुणा दुसऱ्याची बाटली उघडली. म्हटलं, मॅडम, डोक्यावरचे ते दोन ठिपके?

"मोहरीचे दाणे आहेत, सर. तडतडलेले."

मी स्पीकर बंद केला, पण तोवर सगळ्या स्टाफरूमनं ऐकलं होतं. नवी जात जगात सर्वांत आधी मी शोधली आणि मी एकट्यानंच पचवली.

संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिनं ताट वाढलं, आमटीची वाटी समोर ठेवली आणि म्हणाली, "मला तेव्हाच कोथिंबीर दिसली होती. पण म्हटलं, मला काय कळतंय यातलं."

मी चष्मा लावला, वाटीत नीट बघून घेतलं आणि मुकाट्यानं आमटी प्यालो.