सोन्याला भेटून आले

मित्रांनो, मी अकोल्यात पशुआहार शिकवते. चारा पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, हे मी अकरा वर्षं सोन्या नावाच्या बैलाच्या जिवावर शिकवलं. शस्त्रक्रिया करून त्याच्या डाव्या कुशीला झाकण बसवलं होतं. ते उघडून मुलं थेट त्याच्या पोटात हात घालायची, आणि हा निवांत कुटार खात उभा.

म्हातारा झाला म्हणून मागच्या वर्षी त्याला अमरावतीजवळच्या गोशाळेत पाठवलं. त्या दिवशी मी सेमिनारचं कारण सांगून निरोपाला गेलेच नाही. मला ते बघवलं नसतं. तेव्हापासून प्रॅक्टिकलला गेलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आज सकाळी शेवटी गेले. तिथले भाऊ म्हणाले, "मॅडम, थो कोनाजवळच येत नाही."

मी हाक मारली. सोन्या हळूहळू आला आणि माझ्याकडे डावी कूस करून उभा राहिला. तास सुरू व्हायची वाट बघावी तसा.

"काहून रडून राहिल्या जी? चांगला हाये ना थो."

"आज तास नाही रे," मी सोन्याला म्हणाले. मग बराच वेळ त्याची मान खाजवत बसले.

माझ्या शोधनिबंधांत माझं नाव आहे, विद्यार्थ्यांची नावं आहेत. सोन्या तिथे नुसता 'एक बैल' आहे. त्याला घेऊन अजून एक, एकच तास घ्यावासा वाटतोय.

तुमचं कोणाला भेटायचं राहिलंय?