जाहिरातवाल्याचा पहिला अल्बम

माझा पहिला अल्बम निघायच्या आधीच माझा आवाज अख्ख्या अमरावतीला पाठ होता, मी मात्र कोणाला माहीत नव्हतो. राजापेठेतल्या एका गाळ्यात मी ऑटोच्या भोंग्यावर वाजणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करायचो. साड्यांचा सेल, दहावीच्या शिकवण्या, मूळव्याधीचे डॉक्टर, बियाण्यांची दुकानं, सगळ्यांचा गळा मीच. टपरीवर चहा प्यायला उभं राहावं तर समोरून माझाच आवाज जायचा, आणि चहावाला मलाच म्हणायचा, "लय बोर करते हा बुवा."

रॅप मी एका मित्राबरोबर करायचो. कॉलेजच्या गॅदरिंगपासूनची आमची जोडी. तो पुण्याला नोकरीला लागला आणि जोडीतला मी एकटा उरलो. थोडे दिवस रुसून बसलो, मग म्हटलं, सोलो तर सोलो. सगळी गाणी आपली, आवाज आपला. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी एकदा मला ऐकावं, मूळव्याधीला नव्हे.

वेळही आपणहून चालून आला. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी बाजारात चिटपाखरू फिरकत नव्हतं, मग साड्यांचा सेल कोण लावणार? जाहिराती बंदच पडल्यासारख्या झाल्या. स्टुडिओचे मालक, ज्यांना मी चाचा म्हणायचो, माइकवर फडकं टाकून दुपारभर पेपर वाचत बसायचे. एक दिवस त्यांनीच ते फडकं काढलं. "खाली बैठा है तो कुछ गा ले," म्हणाले, "मशीन को भी अच्छा लगेंगा." चहूकडे लोकांचं वाईट चाललेलं आणि माझं बरं, याची लाज वाटायची. पण खरं सांगायचं तर इतका खुशीत मी आधी कधीच नव्हतो.

महिन्याभरात पाच गाणी झाली. ती मोबाइलमध्ये भरून मी शनिवारी बार्शीटाकळीला घरी गेलो. आई अंगणवाडी सेविका. मी शाळेत जायच्या आधीच बाबा आजारपणात गेले, तेव्हापासून घर तिनंच ओढलं. अल्बम पहिल्यांदा तिनंच ऐकायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पहिलं गाणं लावलं. अर्ध्यातच ती उठली, आत जाऊन भाजी परतून आली आणि पुन्हा येऊन बसली. माझं डोकंच फिरलं.

"अवं, मधातूनच उठून गेली तू. थांब, परत लावतो."

"कायले? काई सुटलं नाई माहं," ती म्हणाली. "तूच तर तेच तेच सांगून राह्यला."

त्या दिवशी मी तिच्याशी धड बोललो नाही. परतताना एसटीत कानात वायर घालून सगळी गाणी ऐकली, आणि मूर्तिजापूर यायच्या आत तिचं म्हणणं पटलं. ऑटो चालता असतो. चौकातल्या माणसाच्या कानावर तुमचं जेमतेम एखादं वाक्य पडतं, म्हणून जाहिरातीत दर दोन ओळींनी सगळं पुन्हा सांगावं लागतं. माल काय, दुकान कुठं, आजच या. गाणीही मी तशीच लिहिली होती. दर चार ओळींनी माझं नाव, माझं गाव, माझा रुबाब. कुठूनही ऐका, कुठेही सोडा. एका गाण्याच्या शेवटी तर मी चक्क पत्ता सांगितला होता. हे कबूल केलं तेव्हा चाचा पोट धरून हसले. "मेरे को तो पहले दिन से दिख रहा था," म्हणाले, "मैं समझा तेरी स्टाइल है."

पाचही गाणी पुसली. जिवावर आलं, पण पुसली. मग एक गाणं असं लिहायला घेतलं की सुरुवात सुटली तर शेवट कळू नये. आईच्या सायकलचं. लहानपणी मला मागं कॅरिअरवर बसवून ती शेजारच्या खेड्यातल्या अंगणवाडीत जायची. कॅनॉलच्या चढावर रोज चेन उतरायची. मग ती मला बाभळीखाली बसवायची आणि माझ्याकडे पाठ करून चेन बसवत राहायची. बराच वेळ लागायचा. मी तोवर खडे गोळा करायचो. गाण्यात मी त्या चेनला पोटभर शिव्या घातल्या होत्या.

पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा आई दुपारची तांदूळ निवडत बसली होती. गाणं लावलं. ती जागची हलली नाही. गाणं संपलं तरी तिचा हात ताटातच होता.

"चेन नवती उतरत रे," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"सायकल चांगली होती. तुह्या बाबाले जाऊन महिना झाला नवता. घरी तुही आजी, अंगणवाडीत लेकरं. रडावं कुठी? मंग चढावर उतरून रडून घेत होती मी. तुले चेन सांगतली."

तिचं ऐकून वाईट वाटलं, पण गाणं तिच्यापर्यंत पोचलं याचं इतकं बरं वाटत होतं की त्याचीही लाज वाटली. मी म्हणालो, "गाणं बदलवतो मी."

"नको. तुले चेन दिसली ना, चेनच राहू दे."

तिनं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं आणि भिंतीला टेकून बसली.

"लाव आता," म्हणाली. "पयल्यापासून."