हॅवसरांचा निरोप

इंग्रजी भाषेच्या परभणी जिल्ह्यातील वाटचालीत हॅवसरांचे स्थान अढळ आहे. अढळ म्हणजे त्यांची ताडकळसजवळच्या आमच्या शाळेतून बदली होत नव्हती, इतकेच.

मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. मधल्या पत्र्यातून त्यांचा प्रेझेंट परफेक्ट दिवसभर ऐकू यायचा. "जेवण झालंय, पण ढेकर अजून यायलाय, तिथं हॅव लावायचं. ढेकर बी संपला की साधा भूतकाळ." मुलांनी त्यांना हॅवसर केले. खरे आडनाव पगारापुरते उरले.

त्यांची आई गंगाखेडला अंथरुणाला खिळलेली होती. दुपारी शेजारीण तिला दोन घास भरवायची. ते घास आपल्या हातचे असावेत, म्हणून सरांना तिकडे बदली हवी होती.

दर उन्हाळ्यात बदली झाल्याची आवई उठायची. ऑर्डरची वाट न पाहता मुख्याध्यापक निरोप समारंभ उरकत. सुट्टी लागल्यावर समारंभाला अध्यक्ष सापडत नाहीत. शाल, श्रीफळ, ज्ञानदीप वगैरे. जूनमध्ये सर पुन्हा हजर.

"काय सर, तुमी गेलते ना?" सरपंच विचारायचे.

"भाषणात गेलतो."

शाली आईच्या अंगावर जायच्या. "एक वाळत, एक पांघरायला," सर म्हणायचे. "समारंभ वाया जात न्हाई."

गेल्या हिवाळ्यात आई गेली. तेरावा उरकून सर आले आणि नेहमीचा धडा सुरू केला. ढेकराशी येऊन थांबले. पुढचे मुलांनीच म्हणून टाकले.

मे महिन्यात ऑर्डर आली. खरी, सहीशिक्क्याची, गंगाखेडची. कारणाच्या जागी लिहिले होते : आईचे आजारपण.

"उशीर लय झाला, पण काम झालं ना तुमचं," मुख्याध्यापक म्हणाले.

"झालंय सर. पण आता दुपारी घरी जाऊन काय करू?" म्हणत सरांनी तिथेच बदली रद्द करण्याचा अर्ज लिहिला.

मुख्याध्यापकांनी तो वर पाठवला. मात्र शनिवारी अध्यक्ष मोकळे होते, म्हणून निरोप समारंभही करून टाकला.

अर्ज मंजूर झाला. जूनमध्ये सर हजर होते. या वेळची शाल त्यांनी घरी नेलीच नव्हती. ती शाळेच्या संगणकावर पांघरली आहे. संगणक बंद आहे.